मॅडमची अर्धशिशी आणि एक अट

वेदना माणसाला ज्ञानाकडे घेऊन जाते. निदान दुसऱ्याची वेदना तरी नेतेच. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमचं डोकं दुखायला लागलं, की सगळा तालुका ज्ञानी होत असे.

आमची शाळा राजुऱ्याहून कोरपन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात आहे. एका अंगाला कपाशी, दुसऱ्या अंगाला सिमेंटचा कारखाना. दुपारी चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडतो तेव्हा वर्गातले नकाशे भिंतीवर हलतात आणि मुलं वर बघतसुद्धा नाहीत. या भागात कपाशीखालोखाल भरघोस पिकतो तो सल्ला. त्याला ना पाऊस लागतो, ना खत.

मॅडमना अर्धशिशी होती. त्या स्वतः मात्र 'मायग्रेन' म्हणत. अर्धशिशी म्हटलं की ऐकणाऱ्याला लगेच उपाय आठवतो, मायग्रेन म्हटलं की तो आधी "म्हणजे काय?" असं विचारतो, आणि तेवढ्या वेळात आपल्याला निघून जाता येतं, हे त्यांचं निरीक्षण होतं. दुखणं उजव्या कानशिलापासून सुरू होई आणि उजव्या डोळ्यामागे येऊन मुक्काम करी. मग उजेड नको, आवाज नको, वास नको. उन्हाळ्याच्या तोंडाला गावात अंगणोअंगणी मोहफुलं वाळत पडतात, त्या दिवसांत त्या नाकातोंडाला ओढणी घट्ट बांधून शाळेत येत. लोक म्हणत, मोहाचा वास किती गोड! मॅडम म्हणत, "तुमाले गोड. माह्यासाठी तो सुरुंग हाय."

दुखणं येण्याआधी त्यांच्या नजरेसमोर नागमोडी उजेड नाचू लागे आणि समोरच्या दृश्याचा एक तुकडा गडप होई. एकदा मी शेजारच्या वर्गात शिकवत होतो, तेव्हा भिंतीपलीकडून त्यांचा शांत आवाज आला, "पोरं हो, माझा उजवीकडचा फळा गेला. उरलेल्या अर्ध्यात आपण धडा संपवू." आणि त्यांनी तो संपवला. आमच्या शाळेतली काही मुलं परीक्षेत रासायनिक समीकरणाची फक्त डावी बाजू लिहून येत. ती त्या दिवशी वर्गात हजर असलेली मुलं.

धडा संपला की त्या प्रयोगशाळेत जात. प्रकाशाच्या प्रयोगांसाठी तिथल्या खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला होता. मॅडम मोठ्या टेबलावरची चंचुपात्रं बाजूला सारून, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून तिथे आडव्या होत. एकदा तपासणीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांनी ते दार उघडलं. टेबलावर बाई आडवी पाहून ते उंबऱ्यातच थबकले. मॅडमनी डोळे न उघडता सांगितलं, "दार लावून घ्या. उजेड येतो." साहेबांनी दार लावून घेतलं. त्यांच्या शेऱ्यात नंतर वाचायला मिळालं : 'प्रयोगशाळेत समाधानकारक शांतता आढळली.'

आता त्या अटीविषयी. कुणीही उपाय सांगितला तरी मॅडम नाही म्हणत नसत. "मान्य," असं म्हणत. "पण सांगणाऱ्यानं तो माझ्यासोबत घ्यायचा. मी जितके दिवस घेईन तितके दिवस, आणि मी जेवढा घेईन तेवढा." हे त्या विनोदानं म्हणत असाव्यात असं समजून पुष्कळ लोक फसले.

पहिले आमचे पीटीचे सर. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खाल्ली की अर्धशिशी पळते, असं त्यांनी स्टाफरूममध्ये छातीठोक सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मॅडम झुंजूमुंजू वेळेला त्यांच्या दारात उभ्या. हॉटेलवाल्याला सांगून ठेवलेलं होतं. सर खुशीनं खात होते. काही दिवसांनी मॅडमचं डोकं नेहमीच्या नेमानं दुखलं आणि त्यांनी उपाय बंद झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा एकट्या पीटीच्या सरांचा विरोध होता.

"मॅडम, आनखी आठ रोज पाहू ना! गोड औषध जरा सावकाश लागू पडते."

"तुमाले लागू पडलंच आहे, सर. शर्टाची बटनं पाहा."

मग नाकात तुपाचे थेंब. तो उपाय एका जाडजूड जुन्या ग्रंथाच्या आधारानं मीच सांगितला होता. माझ्या बाजूनं एवढंच नोंदवतो, की त्याआधी माझं डोकं कधी दुखत नसे.

एका विद्यार्थ्याचे वडील जिवतीच्या डोंगराकडच्या एका माणसाचं नाव घेऊन आले. तापल्या लोखंडानं कानशिलावर बारीकसा डाग दिला, की दुखणं जन्मात परत येत नाही, म्हणाले. मॅडमनी पर्स उचलली. "चला. मोटरसायकल आणली ना तुमी?"

"आता? माह्यं काय काम, मॅडम? पत्ता देतो ना मी."

"तुमाले बी डाग घ्या लागते."

"मी कायले डागून घेऊ? माह्यं डोकं तं कधी दुखतच नाई!"

"मंग लागू पडलं का नाई हे तुमाले तं पक्कं समजन," मॅडम म्हणाल्या. ते गृहस्थ पाणी न पिता गेले. त्यानंतर पालकसभेत ते मागच्या ओळीत बसत आणि मॅडमनी वर पाहिलं की कानशिलावर हात ठेवत.

मॅडमचे मिस्टर कोळशाच्या खाणीत कामाला. अबोल माणूस. साऱ्या पंचक्रोशीत एकट्या त्यांनी कधी उपाय सांगितला नाही. मी त्यांना कारण विचारलं. ते म्हणाले, "मले बी घ्या लागन ना."

हे सगळं गमतीचं वाटतं, पण मॅडमचं एक काम या दुखण्यापायी अडून बसलं होतं. आमचे मुख्याध्यापक निवृत्त होणार होते. सेवाज्येष्ठतेनं ती खुर्ची मॅडमची. त्यांना ती हवी होती आणि हवी असल्याचं त्या लपवत नसत, हेच गावाला खटकायचं. बाईमाणसानं अशा वेळी 'मला नको होतं, पण सगळ्यांचा आग्रह' असं म्हणायची रीत आहे. मॅडम सरळ म्हणत, "मले व्हाचं आहे. इतकी वर्षं या शाळेत काय चुकते ते पाहून राह्यली मी."

संस्थेच्या अध्यक्षांना त्या नको होत्या. अध्यक्षांचं कापसाचं जिनिंग आहे आणि बोलण्याची सुरुवात 'मी तर साधा सेवक' अशी आहे. सेवकाची उंच पाठीची खुर्ची सभेच्या आधी टेम्पोतून येते. त्यांना खुर्चीवर असा कुणी हवा होता जो विचारल्याशिवाय बोलणार नाही, आणि असा माणूस ज्येष्ठतेत दुसरा होता : पीटीचे सर. नियम मात्र आडवा येत होता. ज्येष्ठ व्यक्तीनं स्वतः लेखी नकार दिला तरच पुढच्याला संधी. म्हणून अध्यक्ष मॅडमच्या तब्येतीची काळजी करू लागले. एखाद्या माणसाची इतकी मनापासून काळजी करताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

"बाई, तब्येतीपुढं पद काय चीज हाय?" ते एकदा सगळ्यांसमोर स्टाफरूममध्ये म्हणाले. "तुमी मयन्यातून चार रोज अंधारात पडून राह्यता. मुख्याध्यापकानं अंधारात राह्यलं तं शाळेनं उजेड कुठून आनाचा?"

पीटीच्या सरांनी टाळी वाजवली आणि दुसऱ्या कुणी वाजवली नाही हे पाहून ते हात चोळू लागले.

"तब्येत सुधरली तं?" मॅडमनी विचारलं.

"मंग तुमीच! माहा शब्द हाय. आमचे महाराज हायत ना नदीकाठी, दर रविवारी औषध देतात. नाकात दोन थेंब. कसलीबी अर्धशिशी असो, पान्यावाटे निघून जाते."

"मान्य," मॅडम म्हणाल्या.

स्टाफरूममध्ये कुणीतरी खोकलं. अध्यक्षांना ती अट माहीत नव्हती. त्यांना ती सांगण्यात आली. सगळा स्टाफ बघत होता, बाहेर व्हरांड्यात पालक उभे होते, आणि औषध त्यांच्याच महाराजांचं होतं. अध्यक्ष हसले आणि म्हणाले, "घेऊ की. आपन तं सेवक मानूस."

रविवारी आम्ही दोन गाड्यांतून नदीवर गेलो. महाराज पूर्वी ट्रॅक्टर चालवत. थेंब कडू दोडक्याच्या रसाचे होते. महाराजांनी आधी बाईंकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "पहिला मान अध्यक्षसाहेबांचा." अध्यक्षांनी मान मागे केली. मानाची गोष्ट ते कधी सोडत नाहीत.

पुढचं वर्णन मी आवरतं घेतो. अध्यक्षांच्या तोंडून पहिल्यांदाच सुरुवातीला 'सेवक' हा शब्द नसलेलं वाक्य ऐकायला मिळालं. मॅडमनीही थेंब घेतले. अट ती अट. थोड्याच वेळात दोघं नदीकाठच्या कडुनिंबाखाली सतरंजीवर बसले होते, दोघांच्याही नाकातून पिवळं पाणी वाहत होतं आणि दोघांचीही डोकी फुटत होती. रस्त्यावरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, तेव्हा अध्यक्षांनी कानांवर हात दाबले आणि ओरडले, "अरे, बंद करा कोनी त्याले!"



"बाई," अध्यक्ष डोळे मिटूनच म्हणाले, "हे असंच होते का तुमाले?"

"नाकातलं पानी सोडलं तं असंच. पानी येत नाई, म्हनून कोनाले दिसत नाई."

"आनि तरी तुमी शाळेत येता?"

"याच लागते ना. धडा कोन संपवन?"

अध्यक्षांनी टॉवेल मागितला. आधी त्यांनी तो मॅडमकडे सरकवला. हा प्रसंग मला तेव्हा फार मोठा वाटला होता. गाडीत परतताना मी पीटीच्या सरांना म्हणालोही, की आज एक माणूस बदलला. अध्यक्षांची सहानुभूती त्यांच्या डोकेदुखीइतकी टिकली. ती सोमवारी दुपारी उतरली.

मॅडमचं दुखणं मात्र त्या थेंबांनंतर उतरेना. त्या वेळेपर्यंत त्यांचा खरा आधार म्हणजे मेडिकलमधून आणलेल्या साध्या वेदनाशामक गोळ्या. पाकीट खडूच्या डब्यात असे. आधी दुखल्यावर एक, मग दुखेल असं वाटल्यावर एक, मग वर्गावर जायचंय म्हणून एक. त्या गोळ्यांना मात्र आपली अट त्यांनी कधी लावली नव्हती, कारण त्या कुणी सुचवल्याच नव्हत्या. शेवटी मिस्टर त्यांना न विचारता चंद्रपूरला घेऊन गेले. मी सोबत होतो, कारण मोटार माझी होती.

मेंदूविकाराच्या डॉक्टर पन्नाशीच्या, चेहऱ्यावर घाई नसलेल्या बाई होत्या. त्यांनी मॅडमना इतके प्रश्न विचारले, की मॅडम खूश झाल्या; आजवर सगळ्यांनी त्यांना फक्त उत्तरं दिली होती. कधी दुखतं, आधी काय दिसतं, जेवण चुकतं का, झोप किती, पाळीशी काही संबंध दिसतो का, गोळ्या किती. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"तुमच्या दुखण्यातला मोठा भाग आता या गोळ्यांचाच आहे. अति झाल्या की त्याच डोकं दुखवतात. त्या पूर्ण थांबवायच्या. पहिले काही आठवडे आत्तापेक्षा वाईट जातील."

मॅडमचा चेहरा पडला. ज्या काठीवर इतकी वर्षं चाललो, तीच पायात येत होती हे कळल्यावर माणसाचा पडेल तसा. डॉक्टर पुढे सांगत राहिल्या. एक गोळी रोज घ्यायची, झटक्यांची संख्या कमी करायला. ती लागू पडते की नाही हे कळायला महिना-दोन महिने जातात आणि नाही पडली तर दुसरी आहे, तिसरी आहे. दुसरी गोळी फक्त झटका आला की, तीही सुरुवातीलाच, आणि महिन्यात ठरलेल्या मर्यादेतच. जेवण, पाणी, झोप वेळेवर. याने नाहीच भागलं तर इंजेक्शनं आहेत, पण ती महाग आहेत, आज त्यांचा विचार नको. आणि नाकात परत काही घालायचं नाही.

"बरं होईल का?" मिस्टरांनी विचारलं.

"आटोक्यात येईल. जाईल असं मी म्हणणार नाही."

मॅडम ताठ बसल्या. बरं करतो असं न म्हणणारा माणूस त्यांना पहिल्यांदा भेटत होता. तरी त्यांनी आपली अट सांगितलीच. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. डॉक्टरांनी शांतपणे टेबलाचा खण उघडला आणि तीच रोजची गोळी असलेलं, निम्मं संपलेलं पाकीट समोर ठेवलं.

"मी तुमच्या आधीपासून घेतेय. मलाही आहे."

मॅडमनी ते पाकीट उचललं, उलटसुलट पाहिलं, नाव वाचलं आणि परत ठेवलं. परतीच्या वाटेवर त्या एवढंच म्हणाल्या, "हिच्यापुढे बोलाले जागाच नाई."

वेदनाशामक गोळ्या सुटण्याचे ते आठवडे आणि मुख्याध्यापक निवृत्त होण्याआधीचे आठवडे एकच होते. मी मॅडमना तसं हरलेलं आणि तसं हटून बसलेलं नंतर कधी पाहिलं नाही. रोजच्या गोळीनं आधी इतकी झोप आली, की त्या फळ्याला टेकून शिकवू लागल्या. डॉक्टरांनी ती फोनवरच बदलून दिली. वर्गात त्या हळू आवाजात बोलत आणि त्यामुळे मुलं पहिल्यांदाच गप्प बसून ऐकत. खडूचा डबा रिकामा होता. हात सवयीनं तिकडे जाई आणि परत येई.

ऐन त्याच दिवसांत अध्यक्षांनी पीटीच्या सरांच्या हाती टाइप केलेलं नकारपत्र पाठवलं. 'प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेने' वगैरे. खाली सहीपुरती जागा. मी प्रयोगशाळेच्या दारात राखणीला बसलो होतो. सर आत शिरले, मॅडम टेबलावर ओल्या टॉवेलाखाली.

"मॅडम, मले फक्त आनून द्याले सांगतलं. सही करा नाईतं नका करू."

"सर, तुमाले हेडमास्तर व्हाचं आहे का?"

पीटीच्या सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या मैदानाकडे. "नाई बा. मले ग्राउंडच बरं. हेडमास्तरले दिवसभर कागदं पाहा लागतात."

"मंग अध्यक्षाले तसं सांगतलं काऊन नाई?"

"त्याईनं विचारलंच नाई!"

मग मॅडमनी हात लांब केला, कागद घेतला, चेहऱ्याजवळ नेऊन मजकूर वाचला आणि परत दिला.

"सर, तिकडच्या खिडकीचा काळा कागद फाटला आहे. तिथून उन्हाची तिरीप सरळ डोळ्यात येते. डिंक कपाटात आहे."

पीटीचे सर सरळ मनाचे आणि सांगितलेलं काम नीट करणारे गृहस्थ आहेत. त्यांनी नकारपत्राची घडी घातली, चारी कडांना डिंक लावला आणि तिरीप बंद केली. मग बाहेर येऊन मला म्हणाले, "आता अध्यक्षाले काय सांगू?" मी म्हणालो, "लावलं म्हणून सांगा." त्यांनी तसंच सांगितलं. अध्यक्षांना ते फाइलला लावलं असं वाटलं असावं, कारण शिक्षण खात्याच्या कार्यालयातून नकारपत्राची विचारणा होईपर्यंत ते निर्धास्त होते. नकारपत्र मिळालं नाही, ज्येष्ठता यादी हलली नाही, आणि मान्यता मॅडमच्या नावानं आली.

मॅडमचं डोकं आता किती दुखतं, असं लोक मला विचारतात. दुखतं. पूर्वीपेक्षा बरंच कमी वेळा. दुखलं तरी वेळेवर गोळी घेतली की बहुतेकदा दुपारपर्यंत उतरतं. मोहाच्या दिवसांत ओढणी अजून घट्ट असते. मुख्याध्यापक म्हणून त्यांनी पहिल्याच महिन्यात व्हरांड्यातला कर्णा काढून साधी घंटा आणली आणि मुलांना तासाच्या मध्ये पाणी प्यायची सुटी दिली. नवव्या वर्गातल्या एका मुलीचं डोकं वारंवार दुखतं असं कळल्यावर तिच्या आई-वडिलांना समोर बसवून चंद्रपूरचा पत्ता दिला आणि दूध-जिलेबीचं नाव काढायचं नाही, अशी तंबी दिली. त्या वेळी पीटीचे सर तिथून जात होते. ते थांबले नाहीत.

सत्कार झाला. तो टाळता येण्यासारखा नव्हता. उंच पाठीची खुर्ची टेम्पोतून आली. ढोल होते, फोटोवाल्याचे दिवे होते, पाच प्रकारच्या अगरबत्त्या होत्या. मॅडमनी स्टेजवर येण्याआधीच गोळी घेतली होती. अध्यक्ष बोलायला उठले. आपण साधे सेवक आहोत इथून सुरुवात करून ते नदीकाठच्या महाराजांवर आले. "बाईचं दुखनं मोठमोठ्या डॉक्टरनं हटलं नाई," ते म्हणाले, "पन महाराजांच्या दोन थेंबांनं हटलं. मी स्वतः साक्षी हाव. मीच घेऊन गेलतो. आज त्या या खुर्चीवर हायत, हे त्याचं फळ." टाळ्यांचा कडकडाट झाला. मागे बसलेल्या मिस्टरांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता मॅडम काही बोलल्या तर सत्काराचा विचका आणि नाही बोलल्या तर खोट्याला त्यांचाच शिक्का.

मॅडम माइकसमोर आल्या. डॉक्टरांचं नाव, गाव आणि गोळीचे नियम त्यांनी वर्गात सांगावेत तसे सावकाश सांगितले. कुणी फारसं ऐकलं नाही. शेवटी अध्यक्षांकडे वळून म्हणाल्या, "राह्यला महाराजांच्या औषधाचा प्रश्न. तं त्याची पूर्ण परीक्षा झाली नाई असं अध्यक्षसाहेबांचं मत दिसते. माझी पुन्हा घ्यायची तयारी आहे. साहेबांनी सोबत याचं. तारीख त्याईनं द्यावी."

लोकांना ती कृतज्ञता वाटली. पुन्हा टाळ्या पडल्या. अध्यक्षही वाजवत होते, फक्त त्यांचा एक हात मधूनमधून नाकाकडे जात होता.

अध्यक्षांनी अजून तारीख दिलेली नाही. महाराजांकडे मात्र आता रविवारी नंबर लावावा लागतो.